थंड भट्टी

हसू नका. मी थापाड्या आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण ही थाप नाही… ताईची शपथ.

दुपार होती. लख्ख ऊन. भुतं रात्रीच येतात, असं मीही समजत होतो.

आदल्या दिवशी आमच्या मार्गावर वाफेची शेवटची गाडी धावली. बँड, हारतुरे, फोटो. आता सगळं डिझेल. रेल्वेच्या शेडमध्ये ते इंजिन कापायचं काम माझ्या दाजींकडे आलं. दाजी गॅसकटर चालवायचे. मी त्यांचा मदतनीस, आणि फुकटची करमणूक.

आत कोळसा उरलाय का बघायला दाजी भट्टीत शिरले.

"मेव्हणे, दार लावायची मस्करी नको हं!"

"लावलं तर ताई मला बक्षीस देईल, दाजी!"

मी चार हात लांब होतो. हात खिशात.

दार आपोआप मिटलं…

"उघडा."

मी ओढलं. हलेना.

मग आतून… कोळशात फावडं खुपसल्याचा आवाज.

आत फावडं नव्हतं.

मी बोंबललो. शेडमधले सगळे खिदळले. "आज कुठलं नाटक रे?"

मुकादमाने दाराला कान लावला. त्याचा चेहराच उतरला. धावत जाऊन पहार आणली.

चौघं पहारेला लटकलो, तेव्हा दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

राख गार. खाली जाळी, पुढे मनगटाएवढ्या नळ्या. माणूस जाणार कुठून?

पण आवाज येतच होता…

"उघडा… उघडा…"

लांब निघालेल्या गाडीतून कोणी हाक मारावी तसा.

पोलिसांनी मलाच धारेवर धरलं. मुकादमाने मात्र इंजिनाला कोणाला हात लावू दिला नाही.

वर्ष झालं. रोज दुपारी मी भट्टीत डोकं घालतो. रोज आवाज आणखी लांब. घरी ताई विचारते, "आले का रे जवळ?"

"येतायत. कालच्यापेक्षा जवळ."

जन्मभर थापा मारल्या. ही एकच घशात अडकते.

काल मात्र आवाज खरंच जवळ होता. अगदी कानाशी…

"मेव्हणे… एकट्याला झेपत नाही हो. कोणीतरी या आत."

मी धूम ठोकली.

घरी ताईला म्हणालो, "आज काहीच ऐकू आलं नाही."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुझे कान गेलेत. उद्या मी येते. माझ्या हाकेला ओ देतील ते."

तो उद्या आज आहे. समजावलं, भांडलो, दारात आडवा झालो.

ताई मला ओलांडून चप्पल घालतेय…