एका तारेवरची बारा घरं

आर्डिथ लिंडक्विस्ट थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्ती तिच्या घराण्यातच नाही. म्हणून ही हकीकत खरी धरायची.

नेब्रास्कातल्या एका लहानशा काउंटीचं संग्रहालय. जानेवारीतला गुरुवार, दुपारचे सव्वातीन. बाहेर बर्फाचं वादळ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आर्डिथ पहिल्या वसाहतकऱ्यांच्या भांड्यांवरची धूळ पुसत होती. व्यवस्थापक वेंडेल कॉफी पीत तिच्यावर देखरेख करत होता.

तेवढ्यात...

भिंतीवरचा जुना लाकडी फोन वाजला.

तीन लांब. एक आखूड.

"उंदीर असेल, आर्डिथबाई. वायरच नाही त्या फोनला."

"उंदराला डॉक्टरांची घंटा कशी ठाऊक रे?"

वेंडेलचा कप हातातच राहिला.

पूर्वी इथे टेलिफोनच्या एका तारेवर बारा घरं असत. प्रत्येकाची घंटा वेगळी, पण वाजायची सगळ्यांकडे. मग सगळेच हळूच फोन उचलून ऐकायचे. चर्च सोडलं तर गावात करमणूक तेवढीच. मात्र जितके जास्त फोन उचललेले, तितका आवाज क्षीण.

आर्डिथ अकरा वर्षांची असताना अशाच वादळात त्याच तारेवरच्या लिबी झेलेंकाने डॉक्टरांना फोन केला होता. तिचं बाळंतपण अडलं होतं.

सगळ्या घरांनी ऐकलं. आर्डिथनेही.

डॉक्टर ओरडत होते, "कोण बोलतंय? ऐकू येत नाही!"

कुणीही फोन ठेवला नाही. पुढे काय होतंय ते कळायला नको?

मग तार तुटली. लिबी गेली. बाळही.

पुन्हा घंटा...

आर्डिथने फोन कानाला लावला. वेंडेलनेही शेजारी कान आणला.

आधी काहीच नाही. मग श्वास... एकाचा नव्हे, पुष्कळांचा. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं घड्याळ. आणि त्या सगळ्यामागून, फार लांबून...

"ठेवा ना गं बायांनो... डॉक्टरांना ऐकू जात नाहीये..."

आर्डिथने तोंड उघडलं. माफीचं एक वाक्य तिने जन्मभर घोटून ठेवलं होतं.

ते तिने गिळलं. फोन ठेवला.

फोनच्या लाकडी पेटीतून बारीक आवाज आला. टिंग...

मग आणखी एक. टिंग...

कुणीतरी एकेक फोन ठेवत होतं.

मग तेही थांबलं.

"गेलं असेल का हो ऐकू डॉक्टरांना?" वेंडेल कुजबुजला.

"ते कळायला फोन उचलावा लागेल."

ती अजून दर गुरुवारी येते. वादळ असलं की घंटा वाजते, आणि वेंडेल तिच्याकडे बघतो.

ती दोन्ही हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालून उभी राहते... वाजायचं थांबेपर्यंत.