मोकळं मीटर

गाडी सकाळपासून अडून बसली होती. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, ठिणगी काही पडायची नाही.

"क्रँक सेन्सर गेलाय, दादा," बॉनेटखालून डोकं काढत धाकटा म्हणाला. "इंजिन कुठवर फिरलं हे सांगणाराच गप्प, मग ठिणगी पडणार कशी?"

"मीटर न लावताच कळलं वाटतं?" थोरल्याने टोमणा मारला.

"त्याच्या हाताला कळतं," खुर्चीतून अण्णा म्हणाले. "तू आपला पाने पूस."

वडिलांचं हे बोलणं थोरल्याच्या जिव्हारी लागलं. दहावी सोडून हात काळे केले ते त्याने, आणि गॅरेजच्या किल्ल्या मात्र धाकट्याच्या कमरेला जाणार, हे आता भिंतीलाही ठाऊक होतं. धाकटा हात धुवायला वळला, तेवढ्यात थोरल्याने बसवण्यासाठी काढून ठेवलेला नवा सेन्सर खिशात टाकला आणि त्या जागी भंगारातला मेलेला ठेवला. एकदा होऊ दे फजिती.

धाकट्याने तो मेलेला सेन्सर बसवला. चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"अण्णा, चक्कर मारून येतो!"

थोरला कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला. खिशातला सेन्सर काढून त्याने मीटरचे चिमटे लावले. सेन्सरच्या टोकाजवळून लोखंडी पेचकस फिरवला, तरच मीटरचा काटा हलायला हवा. पेचकस अजून खणातच होता.

काटा हलत होता.

रस्त्यावर गाडीचा आवाज चढला, काटा चढला. आवाज उतरला, काटा उतरला.

त्याने एक चिमटा काढला.

आवाज तुटला.

घाईघाईने चिमटा परत लावला. काटा पुन्हा हलू लागला, पण आता सावकाश.

थोड्या वेळाने रस्त्यावरच्या चौघांनी गाडी ढकलत आणली. धाकटा पांढराफटक पडला होता.

"गाडीचं सोड, दादा. मधेच मलाच श्वास येईना." तो मागच्या सीटवर आडवा झाला आणि तिथेच झोपला.

चावी अण्णांच्या हातात होती. इंजिन थंड पडलं होतं. धाकट्याची छाती वर गेली, काटा वर गेला. छाती खाली आली, काटा खाली.

"झोपलाय बघ कसा, लहानपणीसारखा," अण्णा हसत टेबलाशी आले. "दुसरी गाडी आलीय. मीटर मोकळं आहे ना रे?"

थोरल्याने मागच्या सीटकडे पाहिलं.

"मोकळंच आहे," तो म्हणाला, आणि अण्णांचा हात चिमट्यांपर्यंत पोचावा म्हणून जरा बाजूला सरकला.