खंडेनवमीचं इंजिन

"यानं माझे पिस्टन चोरलेत. संध्याकाळी पोलिसांत जातोय," ऋषिकेशनं निक्षून सांगितलं.

लोधिवलीच्या गॅरेजात दशरथ मान खाली घालून उभा होता. ज्याच्या हाताची चौक-खालापूरपर्यंत लोक खात्री देत, त्याच्यावर चोरीचा आळ! त्यानंच खासगी गुप्तहेर आरोहीला बोलावलं होतं. सोबत तिचा मित्र सौमित्र होता. गाडी चालवायचा, पण बॉनेटखालचं त्याला ओ की ठो कळत नसे.

ऋषिकेशचं म्हणणं सरळ होतं. गॅस्केट बदलायला गाडी दिली तेव्हा चारही सिलिंडरांत हवेचा दाब एकशे ऐंशी पौंड होता. परत आली ती धापा टाकत. आता चारही एकशे दहावर. म्हणजे जास्त दाब देणारे भारी पिस्टन गेले, साधे आले. सौमित्रला ते पटलंसुद्धा.

आरोहीनं सिलिंडरांत थोडं तेल सोडून दाब पुन्हा मोजला. दाबमापकाचा काटा जेमतेम हलला.

काम रखडलं का, असं तिनं विचारलं. दशरथ म्हणाला, इंजिनात हवा नेणारा पाइप तेवढा जोडायचा राहिला आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी पान्याला हात लावत नाहीत. पाइप दसरा झाल्यावर जोडला.

"पूजा मीच केली," त्याची बायको जना अभिमानानं म्हणाली. "इंजिनावर बी तांदूळ वाहिलं. पण एक दाणा आत पडू दिला नाय."

आरोही हसली.

"कॉम्प्रेशन रेशो म्हणजे जागेचं माप. पिस्टन खाली असताना केवढी जागा, वर आल्यावर केवढी. ते ठरलेलं. दाब मात्र आत हवा किती आली त्यावर. पोतं तेच, पण भात निम्माच भरला तर ते गच्च कसं होईल? पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं फट बुजून दाब चढला असता. पिस्टन बदलले असते तर चारही असेच उतरले असते, हे खरं. पण चौघांची हवेची वाटही एकच आहे, आणि खंडेनवमीला ती उघडी होती. जनावहिनी, दाणा आत पडू नये म्हणून काय केलंत?"

जनाचा हात तोंडावर गेला. "अगो बाई, फडका कोंबला व्हता... काढलाच नाय."

दशरथनं पाइप सोडवला. खोलातून कुंकवानं माखलेला फडका निघाला. पुन्हा मोजलं; काटा एकशे ऐंशीवर.

सौमित्र बघतच राहिला. लोखंड तेच, माप तेच, आणि न दिसणाऱ्या हवेची एवढी ताकद! त्याच्या अंगावर काटा आला.

जना पदरानं डोळे पुसत होती. ऋषिकेशनं गाडीची चावी दशरथच्या हातात ठेवली.

"दशरथदादा, चुकलो मी. पाइप तुम्हीच जोडा."