ठोकळा कोण धरतंय

“पोरगी गुणी आहे. कानानं जरा अधू दिसते, पण ते आपल्याच पथ्यावर पडलं म्हणायचं,” सासूबाई सासऱ्यांना हळू आवाजात सांगत होत्या, आणि दाराच्या अलीकडे नवी सून चहाच्या कपबश्या घेऊन उभी होती.

तिचे कान खरं तर चांगले तिखट होते. पण माहेरी बहिणींचा घोळका. पहिली हाक बहुधा दुसऱ्याच कुणासाठी असायची, म्हणून दुसऱ्या हाकेला वळायची सवय लागलेली. लग्नाची हळद उतरली न उतरली तोच ती बहिरी ठरली होती. असू दे, तिनं मनात म्हटलं. बहिऱ्या माणसासमोर लोक मोकळं बोलतात. तिनं बश्या मुद्दाम खणखणवल्या आणि मग आत गेली.

घराला लागूनच वर्कशॉप. जुन्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे भाग तिथं हातानं घडवले जात. सध्या मधोमध एकच गाडी उभी होती. कुणा शौकिनानं आणून टाकलेला गंजका सांगाडा, त्याचं छत कापून खाली उतरवलेलं, इंजिन उघडं, धुराच्या नळ्या दोन्ही बाजूंनी वाकवून बाहेर काढलेल्या. असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात, असं नवऱ्यानं सांगितलं होतं. तिला ती कान पाडून दबा धरलेल्या मांजरासारखी वाटे. दारं, नळ्या, वेग नि तेल दाखवणाऱ्या घड्याळांची पट्टी, सगळं नवऱ्यानं केलेलं. राहिली होती फक्त मागची शेपटी. पाण्याच्या थेंबासारखी निमुळती होत जाणारी, आतून पोकळ. ती मात्र सासरे स्वतः घडवत.

“शेपटी मिटली की आपण निघायचं,” नवरा रोज सांगे. दुसऱ्या गावी कारखान्यात त्याला काम मिळालं होतं, खोलीही बघून ठेवलेली. म्हणून तिनं ट्रंकेतले वरवरचे कपडे तेवढे काढले होते. बाकीचे घडीतच होते.

त्या दिवशी भर दुपारी ती वर्कशॉपच्या उंबऱ्यात बसली होती. छपरात मधेमधे काच बसवलेली. तिच्यातून उतरलेला उजेड पत्र्यावर पडून परत छपराला लागत होता आणि तिथं विहिरीच्या पाण्यासारखा हलत होता. तापलेल्या लोखंडाचा नि तेलाचा वास इतका दाट, की डोळे आपोआप मिटावेत. सासरे शेपटीवर हातोडी मारत होते. ठक्… ठक्… ठक्… त्या नादावर तिला डुलकीच लागायला आली होती, आणि मग एकदम ती जागी झाली.

ती कुंभाराची मुलगी. मोठा रांजण घडवताना वडील बाहेरून थापट्यानं मारत आणि आत दगड धरायला हिचा लहान हात घालत. आतून आधार असला की ठोक्याचा आवाज भरीव येतो, नसला की पोकळ. पत्र्याचंही तेच. बाहेर हातोडी, आत लोखंडी ठोकळा, आणि दोहोंच्या मधे पत्रा सपाट होत जातो.

हा आवाज भरीव होता.

सासऱ्यांच्या उजव्या हातात हातोडी होती. डावा हात पत्र्यावर, मांजर कुरवाळावं तसा फिरत होता. आणि नवरा तिच्याशेजारी बसून चहा पीत होता.

“अहो… आत ठोकळा कोण धरतंय?”

“कोण धरणार? बाबा एकटेच करतात ते काम.”

“आवाज भरीव येतोय.”

त्याचा कप ओठापाशीच थांबला.

“तुला ऐकू येतं…” तो म्हणाला. “ऐकू येतं म्हणून आईला सांगू नकोस.”

मग त्यानं खालमानेनं सांगितलं. ठोकळा नेहमी दादा धरायचा. लहानपणापासून. बाप बाहेर, लेक आत. एकमेकांकडे न बघता काम चाले. शेपटीचं काम सुरू केलं आणि दादा तापानं गेला. त्याला पोचवून आल्यावर बाबांनी सरळ हातोडी उचलली. मारला तो पहिलाच ठोका भरीव लागला. तेव्हापासून बाबा रडले नाहीत, की कामाला सुट्टी दिली नाही.

“मी कितीदा शिवण मारली वेल्डिंगनं. बंद केली की आतून टकटक सुरू होते… हळू. घाबरल्यासारखी. बाबा म्हणतात, त्याचा जीव कोंडतो. पुन्हा कापून उघडतात.”

“आणि आपलं जाणं?”

तो कप विसळायला उठला.

उत्तर तिला रात्री त्याच्या हातानं दिलं. तो झोपला की त्याची डावी मूठ मिटे. काहीतरी जड, गोल धरल्यासारखी. तिनं बोटं सोडवून पाहिली तेव्हा तळहात गार होता, आणि त्याला लोखंडाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली. चेहरा काळजीचा.

“त्याचा हात भरून आलाय,” ते धाकट्या मुलाला म्हणाले. “आवाजावरून कळतं. आता तू धर. थोडे दिवस.”

“तेवढं नको हो,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “एक गेला ना… हा तरी राहू दे बाहेर.”

“बाहेरच आहे की. नुसता हात तर घालायचाय.”

नवऱ्यानं डावी बाही वर केली. बापाचा शब्द म्हणजे त्याला दगडावरची रेघ. शेपटीच्या शिवणीत एका जागी टाका मारायचा ठेवलेला होता. तिथं जेमतेम मनगट जाईल एवढी काळी फट होती. तो त्या फटीकडे चालत गेला, झोपेत चालावं तसा.

आणि ती उठली. पहिल्या हाकेला कधी न वळणारी ती, कुणीच हाक न मारता उठली.

“मी घालते,” ती म्हणाली. “माझा हात बारीक आहे.”

“अगं बाई, हिला तर सगळं ऐकू येतंय!” सासूबाई मटकन खाली बसल्या.

तिनं नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि बांगड्या मागं सरकवून हात फटीत घातला.

आत गार असेल असं तिला वाटलं होतं. आत ऊब होती, भट्टी विझल्यावर रांजणात राहते तशी. पत्रा पोटासारखा मऊ लागला. तिनं बोटं पुढं नेली, आणखी पुढं, कोपर कडेला टेकेपर्यंत. एवढी खोल ती शेपटी बाहेरून दिसत नव्हती. छपरावरचा उजेड हलायचा थांबला. मग बोटांना ठोकळा लागला. त्याच्याभोवती बोटं होती. खरबरीत, थकलेली.

माहेरी वडिलांच्या हातून दगड घ्यायची, तसा तिनं तळहात नुसता उताणा केला. क्षणभर काहीच नाही. मग ते वजन हळूच, जपून, तिच्या हातावर उतरलं.

बाहेर सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणी न सांगताच त्यांना कळलं होतं. नवऱ्यानं गॅसची तोटी उघडून निळी ज्योत पेटवली होती. आता ती हात बाहेर काढेल, तो फट बुजवेल आणि सगळं मिटेल, म्हणून तो थांबला होता.

“काढ आता, पोरी,” सासूबाई तिच्याशी पहिल्यांदाच मायेनं बोलल्या. “दिला ना त्यानं? मग काढ हात.”

पहिल्या हाकेला ती वळली. चेहरा शांत होता, फक्त ओठ पांढरे पडले होते.

“भाऊजींनी ठोकळा दिलाय,” ती म्हणाली. “पण… माझा हात कुणीतरी दुसऱ्यानंच धरलाय.”