वाचून दाखवणारी

"माझी पोर येडी न्हाई! तिला असला दाखला नगं!" असं ओरडून सगुणाबाईंनी हातातला तपासणीचा अर्ज टराटरा फाडला, आणि त्याचे तुकडे केरात जाताना बघत थोरली लेक गौतमी जागच्या जागी उभी राहिली... त्या अर्जासाठी तिने मृण्मयी मॅडमना, तालुक्याच्या विशेष शिक्षिकेला, तीनदा गाठलं होतं!

"आई, येडी कोण म्हणतंय तिला? आरोहीला समजतं सगळं, निस्तं वाचता-लिव्हता येत न्हाई. पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली तर परीक्षेला लेखनिक मिळंल, जादा वेळ मिळंल..."

"आन् उद्या लोक काय म्हणतील? तू हायेस की वाचून दाखवायला!"

तू हायेस की! चार वर्षांपूर्वी, वडील गेले त्या उन्हाळ्यात, आईने हेच शब्द रडत उच्चारले होते. गौतमी दहावीला शाळेत पहिली आली होती, पुण्याच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, कपड्यांची बॅगही भरून झाली होती. "एकच वर्ष थांब गं, धाकटीचं बघ," आई म्हणाली, आणि गौतमी थांबली... एकाची चार वर्षं झाली! रोज संध्याकाळी ती धडा मोठ्याने वाची आणि आरोही डोळे मिटून ऐके. सगळा इतिहास तिला तोंडपाठ होई. कागद पुढे आला, की मात्र त्या पोरीला एक ओळ धड वाचता येत नसे.

आरोहीचा नववीचा निकाल लागला आणि पौडच्या शाळेतून बोलावणं आलं. तिघी गेल्या.

मुख्याध्यापकांनी एक कागद सगुणाबाईंपुढे सरकवला. "मुलीचा दाखला काढून न्या. दहावीला बाहेरून बसवा. आमच्या शाळेचा निकाल पडतो हो!"

"सर, असं काढता येत न्हाई. कायद्यानं तिला हितंच शिकायचा हक्क हाय," गौतमी म्हणाली.

"पालक कोण? तू का आई?"

गौतमीने आरोहीकडे पाहिलं. जिच्यासाठी तारुण्याची पहाट वाहून टाकली, तिच्यासाठी एका शब्दाचाही अधिकार आपल्याला नसावा?

तेवढ्यात कोपऱ्यातून आरोहीचा आवाज आला. "आई, कर सही. मी न्हाई शिकत. ताई तरी सुटंल माझ्यापासनं..."

सगुणाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. दोन्ही लेकींकडे पाहून त्यांनी तो कागद परत लोटला. "न्हाई करत सही! माझी पोर हितंच बसंल. तपासणीचा अर्ज द्या मला, त्यावर करते!"

मुख्याध्यापक कुरकुरले, पण अर्ज त्यांना द्यावाच लागला.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आरोहीची तपासणी झाली. डॉक्टरीण बाईंनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायला असा त्रास आहे का?"

सगुणाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं...

"मला," त्या पुटपुटल्या.

गौतमीने चमकून आईकडे पाहिलं.

"अक्षरं पळायची माझ्यापुढं. चौथीत मास्तरांनी बाकावर उभं करून साऱ्या पोरांना 'येडी' म्हणायला लावलं. मी शाळाच सोडली. वाटलं, कागद झाला की माझ्या पोरीलाबी तेच नाव चिकटंल... म्हणून तुला धरून ठेवलं गं, गौतमे! माझ्या भ्यानं तुझी सोन्यासारखी वर्षं गेली!"

आईला सही तेवढी येते, इतकंच आजवर गौतमीला ठाऊक होतं. तिला आईचा राग आला, कीवही आली. "आधी बोलली असतीस तर..." एवढंच ती म्हणाली. सगुणाबाईंनी लेकीचे दोन्ही हात कपाळाला लावले. "माफ कर म्हणायचं तोंडबी न्हाई मला..."

माफ केलं, असं गौतमी म्हणाली नाही. पण तिने हात सोडवूनही घेतले नाहीत.

वाचनातल्या अडचणीचा दाखला मिळाला, आणि दहावीला आठवीतल्या एका मुलीने आरोहीची लेखनिक होऊन पेपर लिहिले. उत्तरं सगळी आरोहीची! बासष्ट टक्के पडले. निकालाच्या दिवशी सगुणाबाई पेढे वाटत आळीभर फिरल्या, आणि ज्याला त्याला स्वतःहून सांगत राहिल्या, "वाचायला जड जातं तिला. माझ्यावाणीच हाय."

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाला तिघी गेल्या. आरोहीचा अर्ज घेऊन झाल्यावर सगुणाबाईंनी गौतमीला पुढे केलं. "हिचाबी घ्या."

कारकुनाने जन्मतारीख पाहिली. "एकवीस? एवढी वर्षं काय करत होती ही?"

गौतमीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण उत्तर सगुणाबाईंनी दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं...

"ही शिकतच होती, साहेब. मी तिला परीक्षेला बसू दिलं न्हाई."