शेंगदाणे, पेनिसिलीन, सल्फा

"मी वाचलं नाही म्हणतात! अठरा वर्षं कार्ड वाचल्याशिवाय मी सुईला हात लावलेला नाही!"

सिस्टरने पर्स टेबलावर अशी आपटली की भावजींचा चहा बशीत आला. भावजी निमूटपणे बशीतला चहा प्यायले. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या या दोन खोल्यांच्या खासगी तपासाच्या कचेरीत बसत. वही त्यांची आणि डोकं वहिनींचं, अशी वाटणी ठरलेली होती.

"सरळ सांग," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी तिने एका म्हाताऱ्या शिंपिणीला डॉक्टरांनी लिहिलेलं पेनिसिलीन टोचलं. शिंपिणीला ते चालत नव्हतं. घसा सुजला, श्वास कोंडला, कशीबशी जगली. खाटेच्या कार्डावर 'ॲलर्जी: शेंगदाणे' एवढंच होतं, आणि ते कार्ड सिस्टरनेच कॉम्प्युटरवर बघून लिहिलं होतं. आता तोच कॉम्प्युटर तीन नावं दाखवत होता. शेंगदाणे, पेनिसिलीन, सल्फा.

"म्हणजे दोन तू गाळलीस, असं त्यांचं म्हणणं."

"स्क्रीनवर एकच होतं, बाई! आज चारला चौकशी आहे. माझं लायसन्स काढून घेतील. दुसरं काही येत नाही हो मला."

वहिनींनी चप्पल घातली.

शिंपिणीची मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. सिस्टरचं नाव काढताच ती उसळली.

"त्या बयेची वकिली करायला आलात? चालू पडा!"

"आईला त्रास कोणामुळे झाला ते शोधायला आलेय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "फॉर्म तू भरलास?"

"मीच. घरून, मोबाईलवर. ॲलर्जीची यादी उघडली आणि तीन खुणा केल्या. आधी शेंगदाणे, तो आईचा सगळ्यात जुना त्रास. मग वर सरकून पेनिसिलीन, मग सल्फा. तक्रारीतही तसंच लिहून दिलंय."

"वर सरकून?"

"औषधं वर आहेत, खायच्या वस्तू खाली. शेंगदाणे अगदी शेवटी."

भावजींनी लिहून घेतलं. यात लिहिण्यासारखं काय होतं, ते त्यांना कळलं नाही.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी बसाही म्हटलं नाही. त्यांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावरून ढकलला. "सिस्टरला गुरुवारी घरी बसवलं. शुक्रवारपासून कार्डं बघा!"

भावजींनी गठ्ठा चाळला. गेल्या महिन्यापर्यंत कागदी फॉर्म होता, तेव्हाच्या कार्डांवर दोन-दोन, तीन-तीन नावं. एक तारखेला नवा फॉर्म आला. तेव्हापासून गुरुवारपर्यंत प्रत्येक कार्डावर एकच नाव. शुक्रवारपासून पुन्हा दोन-तीन. भावजींचं मत तिथेच बनलं.

"वहिनी, बाई चक्क खोटं बोलतेय," जिन्यात ते कुजबुजले.

"अक्षर बघितलंत?"

"बघितलं की. एक तिरकं, एक गोल, एक वाचवत नाही असं."

"उत्तम," वहिनी म्हणाल्या आणि झपझप खाली उतरल्या. उत्तम काय, हे विचारायला भावजींना दम पुरला नाही.

फॉर्म बनवणारा संगणकवाला तळघरात बसे. त्याने मान वर केली नाही.

"एक तारखेनंतर फॉर्मला हात लावलास?"

"नाही. म्हणजे, शुक्रवारी जरा रंगबिंग बदलला."

"आणि शिंपिणीची नोंद?"

"फॉर्ममधून आली तशीच आहे."

"माझा एक फॉर्म भर. आधी शेंगदाणे, मग पेनिसिलीन, मग सल्फा."

त्याने भरला. पडद्यावर नोंद उमटली: पेनिसिलीन, सल्फा, शेंगदाणे.

"खुणा कशाही करा, ब्राउझर यादीच्या क्रमानेच पाठवतो," तो जरा ऐटीत म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. वहिनींनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

चार वाजता व्यवस्थापकांच्या खोलीत सगळे जमले. सिस्टर दाराशी उभी होती. मुलगी तिच्याकडे पाठ फिरवून बसली होती.

"कार्डावर एकच नाव लिहिणारी ही एकटी नव्हे," वहिनींनी गठ्ठा उघडला. "तीन अक्षरं आहेत. तीन सिस्टर्स एकाच दिवशी आळशी झाल्या आणि शुक्रवारी एकदम सुधारल्या? स्क्रीनच एक नाव दाखवत होता. आणि ते नेहमी, केलेल्या खुणांपैकी यादीत सगळ्यात खालचं. मुलीने शेंगदाणे पहिले निवडले, तरी तेच उरले. का रे?"

संगणकवाला खाली बघत पुटपुटला. "तिन्ही उत्तरं 'ॲलर्जी' या एकाच रकान्यात येतात. सर्व्हरवर, म्हणजे इथल्या मुख्य कॉम्प्युटरवर, ती सगळी एकाखाली एक साठवायची असतात. मी एकाच उत्तराची जागा ठेवली. मग पुढचं आलं की आधीचं पुसलं जायचं."

"आणि शुक्रवारी गुपचूप दुरुस्त केलंस."

"पण नोंदीत तर तीन नावं आहेत!" व्यवस्थापक ओरडले.

"आहेत. शेंगदाणे, पेनिसिलीन, सल्फा, या क्रमाने. फॉर्म कधीच असं पाठवत नाही, शेंगदाणे शेवटीच येणार. मग हा क्रम कुठला? हिच्या तक्रारीतला! तक्रार समोर ठेवून कोणीतरी हाताने टाइप केलं. तक्रार कोणाकडे दिली होतीस गं?"

मुलीने व्यवस्थापकांकडे बोट दाखवलं.

"यांनीच सांगितलं मला," संगणकवाला पुटपुटला. "रुग्णालयाचं नाव जाईल म्हणाले."

भावजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ते वरिष्ठांसमोर कधी ओरडले नव्हते. "अहो, लाज वाटली नाही? एका बाईच्या अठरा वर्षांवर बोळा फिरवलात!"

व्यवस्थापक सारवासारव करू लागले. मुलगी उठून सिस्टरसमोर आली.

सिस्टरचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती गठ्ठ्याकडे बघत होती.

"शिंपीणबाईंची नोंद हाताने भरली. बाकीच्यांचं काय?"

ती संगणकवाल्याकडे वळली.

"एक तारखेपासून गुरुवारपर्यंत आलेले, अजून खाटेवर आहेत असे किती?" ती किंचाळली. "किती रे?"

"सव्वीस."

"पुसलेली नावं परत येतील?"

"नाही."

म्हणजे पाच दिवस व्यवस्थापक आणि संगणकवाला सव्वीस जणांच्या जिवाचा धोका दडवून बसले होते. वहिनींनाही हे आधी सुचलं नव्हतं, आणि तो राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"चौकशी नंतर करा," सिस्टरने कार्डं उचलली. "शुद्धीत आहेत त्यांना मी विचारते. बाकीच्यांच्या घरी फोन लावा."

"द्या इकडे," मुलीने निम्मी कार्डं घेतली आणि तिच्यामागे वॉर्डाकडे धावली.

भावजींनी व्यवस्थापकांच्या हाताखालून फोन ओढून घेतला आणि पहिला नंबर फिरवला.

"रुग्णालयातून बोलतोय. घाबरू नका. तुमच्या माणसाला काय काय चालत नाही ते सांगा. हो, फॉर्ममध्ये भरलंत ते माहीत आहे. पुन्हा सांगा. सगळं सांगा, मी लिहून घेतोय."