लाईट आली की सांगा

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेणबत्त्या आणायला बाहेर पडलो होतो. बायकोने आतून बजावलं होतं, "मेणबत्त्याच आणा, आणि दुकानदाराशी भांडू नका." मी भांडतो, हे तिचं कायमचं मत. अहो, उभा जन्म बसवर कंडक्टर म्हणून गेला माझा. गर्दीत "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घशाची पार चाळण झालेली. माझं साधं बोलणंही लोकांना भांडणच वाटतं, त्याला मी काय करणार?

खाली उतरलो तर गल्ली ओळखू येईना. झाडं आडवी झालेली, तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या, कोपऱ्यावरचा खांब मोडून समोरच्या शिवणवाल्या बाईंच्या गच्चीला टेकला होता. दुकानात मेणबत्त्या संपल्या होत्या. मग म्हटलं, आलोच आहोत तर वीज कंपनीच्या ऑफिसात डोकावू, लाईट कधी येणार ते तरी कळेल.

माझी घाई वेगळी होती. बायकोची फुप्फुसं निकामी होत आली होती, आणि गेली काही वर्षं ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. पलंगाशेजारी ते मशीन रात्रंदिवस चालायचं... ठक, सूंऽऽ... ठक, सूंऽऽ... पाहुण्यांना त्या आवाजाने झोप लागत नसे आणि मला त्याच्याशिवाय. वादळाच्या रात्री लाईट गेली तेव्हा मशीन इन्व्हर्टरवर चाललं. पहाटे इन्व्हर्टरनेही मान टाकली. मग घरात ठेवलेला मोठा सिलिंडर लावला. तो संध्याकाळपर्यंत पुरेल असं काट्यावरून दिसत होतं. दुसरा सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीला रस्ताच नव्हता.

ऑफिसात ही गर्दी! कुणाच्या घरात पाणी नाही, कुणाचं दुकानातलं दूध नासलेलं, कुणाच्या तान्ह्या पोराला उकाडा सोसवत नाही. एकमेकांच्या खांद्यावरून ओरडत होते सगळे. मी बरोबर वाट काढून खिडकीपाशी पोचलो. आत क्लार्क बसला होता. मान खाली, पुढ्यातले टेलिफोन बंद.

मी आवाज चढवला नाही बरं का. अगदी हात जोडून म्हणालो, "साहेब, घरात ऑक्सिजनवरचं माणूस आहे. येणार नसेल लाईट तर सरळ नाही म्हणा. मी तिची दुसरी सोय करतो."

"आज संध्याकाळपर्यंत येईल, काका. घरी जा," तो म्हणाला.

मागच्या बाईलाही तो तेच म्हणाला, तिच्या मागच्यालाही तेच. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माणूस बुडायला लागला की काडीला धरतो. मी घरी आलो.

दुपारी शिवणवाल्या बाई वर आल्या. म्हणाल्या, "कंडक्टरकाका, वहिनींना खुर्चीत बसवू आणि चौघं मिळून हॉस्पिटलात नेऊ. झाडं ओलांडायला लागतील, पण नेऊ." मीच म्हणालो, संध्याकाळी लाईट येतेय, कशाला तिची हाडं खिळखिळी करायची? बायकोनेही मान डोलावली. वर हसून मला म्हणाली, "एवढं ओरडलात ना ऑफिसात? मग येईलच."

संध्याकाळ झाली. काटा खाली खाली यायला लागला. मी वर्तमानपत्राने वारा घालत होतो, दर थोड्या वेळाने खिडकीतून वाकून बघत होतो. सगळी गल्ली काळीठिक्कर. तिचा श्वास भात्यासारखा व्हायला लागला तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "जरा थांब गं. लाईट येतेच आहे."

"बरं... आली की सांगा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

लाईट आली नाही. ती गेली.

त्या माणसाने नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं ना, तर मी तिला पाठीवर घेऊन गेलो असतो हो! चिखलातून, तारांखालून, रांगत गेलो असतो. माहीत नाही म्हणायला काय पैसे पडतात?

दुसऱ्या दिवशी तिला पोचवून आलो. लेकीचा फोन कसाबसा लागला. पूल वाहून गेल्यामुळे ती पलीकडेच अडकली होती. नुसतं रडणं ऐकू आलं आणि फोन बंद पडला. शिवणवाल्या बाईंनी जेवणाचं ताट आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. दिवस कलला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो होतो. लाईट नसली की घर किती मुकं होतं, ते तेव्हा कळलं. फ्रिज नाही, पंखा नाही, कुणाचा टीव्ही नाही. बाहेरून नुसता ओल्या, कुजक्या पानांचा वास येत होता.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला... ठक. सूंऽऽ.

मला आधी वाटलं, लाईट आली. मी धडपडत उठलो, भिंतीवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

ठक... सूंऽऽ...

दारात उभा राहिलो. खिडकीतून थोडा राखाडी उजेड येत होता. पलंग रिकामा. मशीन बंद, त्याचा हिरवा दिवा विझलेला, वायर भिंतीतून काढून मीच गुंडाळून ठेवली होती. नळी उशीवर पडलेली. खोलीत तिच्या बामाचा वास, आणि त्याखाली तापलेल्या रबराचा. मी वाकून नळीच्या तोंडाशी बोट धरलं. गार हवा लागली.

"लाईट आली का हो?"

अगदी हळू. ती दम लागलेली असताना बोलायची तसं.

कसाबसा जिना उतरलो आणि रात्रभर खालच्या पायरीवर बसून राहिलो. येणारे-जाणारे म्हणाले, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मीही स्वतःला तेच सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा माझा पाय आपोआप वर वळला. तुम्हीच सांगा, तिचा आवाज आहे म्हटल्यावर मी खाली किती वेळ बसणार? भीती होती, नाही कशी? तरी दारातून आत गेलो. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलो. अंधार झाला. आवाज सुरू झाला.

"लाईट आली का हो?"

"नाही गं... अजून नाही."

"बरं." मग थोड्या वेळाने, "जेवलात का?"

"जेवलो."

"खोटं."

मला हुंदका आवरेना. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, मेल्यावर तरी माझं खोटं पकडायचं सोडेल की नाही! मी खाली गेलो, शिवणवाल्या बाईंनी पायरीवर झाकून ठेवलेलं ताट वर आणलं आणि अंधारात चाचपडत तिच्यासमोर जेवलो.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर मी संध्याकाळची वाट बघायचो. बाहेर लोकांचा संयम सुटत चालला होता. "आज संध्याकाळपर्यंत" हे वाक्य गल्लीत शिवीसारखं वापरायला लागले होते. कुणी उधारी मागितली की दुसरा म्हणायचा, "संध्याकाळपर्यंत देतो," आणि सगळे खदखदून हसायचे. एके दिवशी सगळ्यांनी मिळून ऑफिसवर मोर्चा नेला, खिडकीची काच फोडली. शिवणवाल्या बाई मला न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज हवाय आम्हाला. तुमच्यावर गुजरलंय ते कुणावर गुजरू नये."

मी अंग काढून घेतलं. बरं वाटत नाही म्हणालो. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली असती. सगळी गल्ली लाईटसाठी तळमळत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, येऊ नकोस. लाईट आली की ती जाणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्या अंधारापुरतीच ती माझी होती.

ती विचारायची, "आली का हो?" आणि मी म्हणायचो, "येईल, संध्याकाळपर्यंत येईल." एकदा बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. त्या क्लार्कचं वाक्य माझ्या तोंडून, त्याच थंड सुरात निघालं होतं.

शेवटी एक दिवस वायरमन आला. नवा खांब उभा राहिला, तारा ओढल्या गेल्या. गल्लीतले लोक भोवती जमून त्याला नको नको ते बोलत होते, आणि तो ऐकत ऐकत काम करत होता. डोळे तांबारलेले, हाताला चिंध्या बांधलेल्या, अंगावर चिखल वाळलेला. गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो.

"अहो, आमची गल्ली शेवटी घ्या," मी म्हणालो.

तो बघतच राहिला. "काका, आमची गल्ली आधी का नाही म्हणून जिथे जातो तिथे शिव्या खातोय. शेवटी घ्या म्हणणारे तुम्ही पहिलेच भेटलात." मग त्याने जरा निरखून बघितलं. "घरात कुणी आजारी वगैरे आहे का?"

"बायको आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "ऑक्सिजनवर."

"मग असं काय करताय?" त्याने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "शेवटी कशाला? तुमचीच आधी जोडतो. हे शेवटचे जोड राहिलेत, ते दिले की सोडलीच लाईट." आणि तो थकलेला माणूस खरंच धावत गेला हो.

वर आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आवाज सुरू होता. पण त्या दिवशी तो वेगळा होता. वेगळा कसला... रोज थोडा थोडा बिघडत चालला होता, मीच कानाआड करत होतो. ठक म्हटल्यावर सूं यायला उशीर लागत होता. मधल्या शांततेत तिचा श्वास घशात घुरघुरत होता. तसाच, भात्यासारखा, त्या संध्याकाळसारखा.

"लाईट... आली का... हो?"

"नाही गं."

"अजून... किती... थांबू?"

तेव्हा मला कळलं. ती माझ्यासाठी आली नव्हती. मी थांब म्हणालो होतो म्हणून ती थांबली होती. त्याच पलंगावर, त्याच घुसमटीत, रोज संध्याकाळी. आणि मी शेजारी बसून मिटक्या मारत जेवत होतो!

मी खिडकीकडे धावलो. अर्धा बाहेर वाकलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "सोडा! लाईट सोडा! लवकर सोडा!"

खांबाशी उभ्या वायरमनने हात वर केला. मग कुठेतरी खट्कन आवाज झाला आणि सगळी गल्ली एकदम पांढरी झाली. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने बोलायला लागला. शिवणवाल्या बाईंच्या मशीनचा दिवा लागला, त्या बाहेर येऊन डोळे पुसत हसत होत्या.

खोलीतला बल्ब लागला होता. मी वळलो. पलंग, चादर, उशी, नळी, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी खाली बसलो, उशीशी तोंड नेलं आणि म्हणालो, "आली गं. आली लाईट. सुटलीस आता तू."

काही नाही. ठक नाही, सूं नाही. बामाचा वासही नव्हता. मला मोठमोठ्याने रडायला आलं. तिला पोचवून आलो तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. बाहेर लोक नाचत होते, कुणाला ऐकू जाणार? रडून रडून डोकं जड झालं आणि मी ते पलंगाच्या कडेला टेकलं. गेली, सुखाने गेली, असं स्वतःला समजावत होतो.

तेवढ्यात कानाशी गार हवा लागली.

"आली?"

मी मान वर केली नाही. "हो गं. कधीच आली. बघ ना..."

मग, अगदी घाबरलेल्या आवाजात,

"मग इतका अंधार का आहे?... अहो... तुम्ही कुठे आहात?"

मी तिथेच होतो. तिच्या उशाशी, बल्बच्या उजेडात.